वॉटर कुलर बसवण्याआधी

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दहावी १९९७ च्या बॅचतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की हल्ली लग्नाच्या पंगतीतही लोक मला हाच विषय काढून देतात. पण मागच्या आठवड्यात आपल्या बॅचच्या ग्रुपवर निरोप आला की वर्गणी पुरेशी जमली आहे, शाळेला स्टेनलेस स्टीलचा वॉटर कुलर द्यायचा आणि तो व्हरांड्यात, नळाच्या कोंडाळ्याशेजारी बसवायचा. तो वाचला आणि मी विषय बदलला. संयोजकांना कालच सांगितलं, त्यांनी तोंड थोडं वाकडं केलं, पण हो म्हणाले. रोडगे भाजून व्हायला अजून अर्धा तास आहे असं आतून कळलंय, तेवढ्यात माझं होईल.

आधीच सांगते, कुलर द्यायचाच आहे. एप्रिल-मेमध्ये अकोल्यात दुपारी नळ सोडला तर चहाचं आधण आयतं मिळतं. पोरांना गार पाणी मिळालंच पाहिजे. माझं बोलणं आहे ते कुलरच्या मागच्या भिंतीतल्या पिनांबद्दल आणि त्या भिंतीपलीकडच्या जमिनीबद्दल.

सरांनी आपल्याला फळ्यावर एक त्रिकोण काढून दिला होता, आठवतो का? वर व्ही, खाली आय आणि आर. जे काढायचं ते बोटाने झाका, उरलेलं दिसेल तसं करा. व्ही झाकला तर आय गुणिले आर. आर झाकला तर व्ही भागिले आय. त्याच्या शेजारी आणखी एक, पी, व्ही आणि आयचा. पी म्हणजे शक्ती, वॅटमध्ये. एवढ्यावर आपल्यातले निम्मे लोक विज्ञानात पास झाले.

बल्बवर लिहिलेलं असायचं २३० व्होल्ट, १०० वॅट. १०० भागिले २३० म्हणजे ०.४३५ अँपिअर करंट. २३० भागिले ०.४३५ म्हणजे ५२९ ओहम रोध. दोन हजार वॅटचा गिझर घ्या. करंट ८.७ अँपिअर, रोध २६ ओहमच्या थोडा वर. ज्याचा रोध कमी तो जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. मोटर असलेल्या यंत्रात व्ही गुणिले आय केल्यावर खरे वॅट थोडे कमी भरतात, पॉवर फॅक्टरमुळे. पण अंदाजाला चालतं.

नियम लिहा असा दोन गुणांचा प्रश्न यायचा. त्यात सुरुवातीला एक अट होती: वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल तर. ती आपण 'श्री गणेशाय नमः' लिहावं तशी लिहायचो आणि जो गाळेल त्याचा अर्धा गुण सर कापायचे. सर, तेव्हा तुमचा फार राग यायचा. पण आज मी त्याच अर्ध्या गुणाबद्दल बोलणार आहे. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, पोट सॉफ्टवेअरवर. आमच्या धंद्यात कुणी 'असं असेल तर' ही ओळ गाळली की प्रोग्रॅम दिवसा नीट चालतो आणि रात्री दोन वाजता पडतो. विजेतही तसंच आहे. पावसाळ्यात सगळं नीट असतं. माणूस मरतो तो मे महिन्यात.

ज्याच्या नावाचा हा नियम, तो गेओर्ग ओहम स्वतः शाळेतला मास्तर होता. वडील कुलपं बनवणारे कारागीर. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता तो वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग करायचा. त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहीना, म्हणून त्याने थर्मोकपल घेतलं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात. म्हणजे अवस्था कायम ठेवण्यासाठी एवढी धडपड. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्याच्याच देशात सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. शेवटी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिलं. सरांच्या हयातीत त्यांना आपण शाल-श्रीफळ देतोय, त्या मानाने आपण बरे.

आता कुलरकडे येते. वॉटर कुलर आत्ता बाजूला ठेवा, आपल्या घराघरातला डेझर्ट कुलर घ्या. लोखंडी पत्र्याची बॉडी, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, आत पाणी, पाण्यात बुडालेली छोटी मोटर. अमरावती, अकोला, नागपूर, कुठेही जा, दर उन्हाळ्यात पेपरात ती बातमी असते. कुलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून बाई गेली, खेळता खेळता हात लावला आणि पोरगं गेलं. महावितरण दर उन्हाळ्यात कुलर वापरण्याबद्दल आवाहन काढतं, तेही छापून येतं, आणि आपण पान उलटतो. मी अमरावतीत जन्मले, बाबांची बदली झाली म्हणून सातवीत अकोल्याला आले, आणि दोन्ही गावांत एक वाक्य मी अगदी सारखं ऐकलंय: "काही नाही हो, आमचं कुलर थोडंसं करंट मारते."

या 'थोडंसं'चं आपण गणित करू. सगळा घोळ त्याच शब्दात आहे.

कुलरच्या मोटरचं इन्शुलेशन कुठेतरी गेलं आणि फेजची तार बॉडीला लागली असं धरा. अर्थिंग नाही किंवा प्लगची मोठी पिन कुणीतरी कापून टाकलीय. म्हणजे तो पत्रा आता पूर्ण २३० व्होल्टवर आहे. थोडाथोडका नाही, पूर्ण. तुम्ही कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल, कोरड्या फरशीवर उभं राहून त्याला बोट लावलं. तुमची कातडी, चप्पल, फरशी असा सगळा मार्ग मिळून रोध एक लाख ओहम धरू. २३० भागिले एक लाख, म्हणजे २.३ मिलिअँपिअर. मुंग्या आल्या. तुम्ही म्हणालात, थोडंसं करंट मारते.

दुसऱ्या दिवशी तीच बाई त्याच कुलरमध्ये बादलीने पाणी भरते. पाणी सांडलंय, पाय अनवाणी, हात ओला. ओली कातडी आणि ओली फरशी मिळून रोध हजार ओहमच्या आसपास येतो. व्ही तोच. २३० भागिले एक हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. शंभरपट. पत्रा तोच, बिघाड तोच, बदलली ती फक्त भौतिक अवस्था.

शरीराला किती करंट सोसतो? एखाद्या मिलिअँपिअरला जाणवतं. दहाच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे थोडा वेळ जरी राहिलं तरी जिवावरची गोष्ट, आणि पन्नास-शंभरच्या पुढे हृदयाचे ठोके विस्कळीत होऊ शकतात. हे ढोबळ आकडे आहेत, माणसागणिक आणि वेळेगणिक बदलतात. पण २३० हा आकडा कुठे बसतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तेव्हा मुंग्या येणं हा छोटा शॉक आहे असं कृपा करून समजू नका. तो पूर्ण दाबाचा शॉक आहे, त्या वेळी फक्त तुमची चप्पल मध्ये उभी होती. कधी कधी साध्या किरकोळ गळतीनेही मुंग्या येतात हे खरं, पण ती कोणती हे ओळखायचं काम आपल्या बोटाचं नाही. बटण बंद, प्लग बाहेर, वायरमनला फोन.

आता अर्थिंग. "आमच्याकडे अर्थिंग आहे" असं म्हटलं की आपण निश्चिंत होतो. मीही शाळेत विचारलं, शिपाईमामांनी मला भिंतीतून जमिनीत गेलेली हिरवी तार दाखवली. तार आहे. पण तार म्हणजे अर्थिंग नाही. तार जिथे जाते तिथली माती म्हणजे अर्थिंग. आणि मातीचा रोध किती, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलंय? घरी वायरमन आला की व्होल्टेज किती येतं हे सगळे विचारतात. लोड किती हेही विचारतात. ओहम किती असं विचारणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

गणित असं होतं. शाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम धरू. रस्त्यावरच्या डीपीलाही अर्थिंग असतं, करंटला परत तिकडेच जायचं असतं, त्याचे ५ धरू. एकूण २५. फेज बॉडीला लागली. २३० भागिले २५ म्हणजे ९.२ अँपिअर जमिनीतून वाहायला लागले. आता वाटतं की एमसीबी पडेल. एमसीबी असतो १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने ९.२ म्हणजे कुणीतरी गिझर लावलाय. तो ढिम्म बसून राहतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला तो बनवलेलाच नाही, आणि ही गोष्ट शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते.

आणि कुलरच्या बॉडीवर किती व्होल्ट? व्ही बरोबर आय गुणिले आर. ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट. अर्थिंग असूनही. ओल्या हाताचं पोर तोटीला हात लावतं तेव्हा त्याच्या वाट्याला १८४ व्होल्ट येतात, हजार ओहमवर १८४ मिलिअँपिअर.

मजा म्हणा की दुर्दैव, मीटर मात्र इमानदार असतं. २३० गुणिले ९.२ म्हणजे २,१०० वॅटच्या वर. तासाला दोन युनिटं आपण जमीन तापवायला खर्च करतोय. काही न वाढवता बिल एकदम चढलं तर महावितरणच्या नावाने बोटं मोडायच्या आधी अर्थिंगच्या तारेला करंट जातोय का ते वायरमनकडून पाहून घ्या. क्लॅम्प मीटर त्या तारेभोवती अडकवला की आकडा दिसतो, तार तोडावी लागत नाही.

हे २० ओहम मी कुठून आणले, असं तुम्ही विचाराल. सरांनी विचारलंच असतं. ते आले आपल्या काळ्या मातीतून.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला या, दोन्ही बाजूंना हीच माती. पावसाळ्यात फुगते, चपलेला किलो-किलो चिकटते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. ज्यांनी या मातीवर घर बांधलंय त्यांना भिंतीच्या तड्यांबद्दल मी काय सांगावं. आता याच मातीत अर्थिंगचा पाइप उभा आहे, साधारण अडीच मीटरचा. जुलैत माती ओली, पाइपाला घट्ट चिकटलेली. ओल्या मातीतल्या क्षारांतून करंट सहज जातो. रोध दोन-चार ओहमवर येऊ शकतो. मेमध्ये वरची माती सुकते, आकसते आणि पाइपापासून सुटते. मध्ये राहते हवा, आणि हवेतून करंट जात नाही. तोच पाइप, तीच तार, आणि रोध कितीतरी पट वाढलेला.

कुलर आपण जुलैत लावत नाही. मेमध्ये लावतो. म्हणजे वऱ्हाडात ज्या महिन्यात अर्थिंगवर सगळ्यात जास्त भार, नेमका त्याच महिन्यात ते सगळ्यात निकामी. सरांनी कापलेला अर्धा गुण तो हाच. भौतिक अवस्था कायम असेल तर. आपल्याकडे ती कायम नसतेच.

आपल्यातले जे दर्यापूर, भातकुलीकडचे आहेत त्यांच्यासाठी एक उलटी गोष्ट. खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या काठची गावं पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्याला तोंड देतायत. विहिरीचं पाणी पिववत नाही, पिकाला चालत नाही. पण अर्थिंगला ते पाणी उत्तम, कारण क्षार म्हणजे करंटला रस्ता. आपण अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतो तो याचसाठी. मीठ रोध कमी करतं, कोळसा ओल धरून ठेवतो. फक्त तेच मीठ लोखंडी पाइपही खातं. म्हणून तिकडे आठ-दहा वर्षांपूर्वी पुरलेला पाइप खाली शिल्लक आहे की फक्त त्याची टोपी वर दिसते, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

मोजायचं कसं? आपल्याकडे पद्धत अशी की वायरमन होल्डरमध्ये शंभरचा बल्ब लावतो, एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटला. "बघा मॅडम, फुल्ल आहे अर्थिंग." त्याचा हेतू चांगला असतो, पण बल्ब खोटं बोलतो. बल्बचा रोध ५२९. जमिनीचे आपले २५ धरले तर एकूण ५५४. करंट ०.४१५ अँपिअर. बल्बवर ९१ वॅट. शंभर आणि एक्क्याण्णव यांतला फरक डोळ्याला कळतो का? आता खड्डा पार वाळलेला धरा, १०० ओहम. तरी बल्बवर ७० वॅट येतात आणि तो पिवळसर का होईना, पेटतोच. त्या १०० ओहमच्या खड्ड्यावर फेज बॉडीला लागली तर करंट दोन-सव्वादोन अँपिअर आणि बॉडीवर २१९ व्होल्ट. बल्बच्या मते मात्र अर्थिंग ठीक.

कारण साधं आहे. ५२९ च्या डोंगराशेजारी २५ चा दगड ठेवला, आपण डोंगर बघतोय. (हा ५२९ पण पेटलेल्या बल्बचा. थंड बल्ब मल्टिमीटरने मोजला तर चाळीसच्या आसपासच ओहम येतात. टंगस्टनची तार तापली की रोध वाढतो. पुन्हा तीच अट.) हा प्रयोग कुणी घरी करू नका, उघड्या तारांचा खेळ आहे. अर्थ टेस्टर नावाचं यंत्र असतं, ते जमिनीत ठरावीक करंट सोडतं, किती व्होल्ट उमटले ते बघतं आणि भागाकार करून ओहम सांगतं. सरांचा त्रिकोणच तो, डब्यात घातलेला. परवानाधारक ठेकेदाराकडे हे यंत्र असतं, फक्त आपण मागत नाही.

आता यावर उपाय काय? खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाका, हा आपल्या आज्यांच्या काळापासूनचा उपाय, आणि तो चांगलाच आहे. पण शाळेला मेमध्ये सुट्टी असते, शिपाईमामा लग्नाला जातात, पाण्याची बोंब असते. बादलीवर पोरांचा जीव टांगून ठेवणं मला पटत नाही. आणि अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी एमसीबी लगेच पडेलच असं नाही. पावसाळ्यातला उत्तम खड्डा घ्या, इकडे २ ओहम, डीपीकडे १. करंट सुमारे ७७ अँपिअर, एमसीबी काही सेकंदांत पडेल. पण त्या काही सेकंदांत बॉडीवर दीडशे व्होल्ट आहेत. काही सेकंद पुष्कळ होतात.

म्हणून आरसीसीबी. जुने लोक ईएलसीबी म्हणतात, दुकानात तसं मागितलं तरी समजतं. त्याचं काम एकच: फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का बघायचं. नऊ गेले, नऊ आले, ठीक. नऊ गेले आणि नऊला ३० मिलिअँपिअर कमी आले, म्हणजे तेवढे कुठेतरी जमिनीत गेले, कदाचित कुणाच्या अंगातून. तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात लाइन तोडतो. एमसीबी १६ अँपिअरला, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरला हलतो. हा ३० ला.

आता याच्यासोबत अर्थिंग किती चांगलं लागतं, ते काढू. बॉडीवर ५० व्होल्टच्या वर येता कामा नये, ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. आर बरोबर व्ही भागिले आय. ५० भागिले ०.०३. उत्तर १,६६७ ओहम. पहिल्यांदा काढलं तेव्हा मी दोनदा तपासलं. आपला तो मेमधला भेगाळलेला, सुटलेला १०० ओहमचा खड्डासुद्धा आरसीसीबीला पुरून उरतो. एमसीबीच्या भरवशावर जो खड्डा निकामी, तोच आरसीसीबीसोबत माणूस वाचवतो. खड्डा नको असा याचा अर्थ घेऊ नका. अर्थिंग नसेल तर फेज बॉडीला लागल्यावर आरसीसीबीला काही कळत नाही, कुणीतरी हात लावेपर्यंत तो गप्प राहतो, आणि तो हात लावणारा आपल्या शाळेतला असेल. दोन्ही हवंच.

किंमत दोन-तीन हजारांच्या आसपास. आपल्या कुलरच्या वर्गणीत हे पैसे निघतात, मी हिशेब पाहिलाय. अडचण वेगळी असते. जुन्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतात, मग आरसीसीबी सारखा पडतो, लोक कंटाळतात, आणि कुणीतरी हुशार माणूस येऊन तो बायपास करून देतो. पेटीत तो दिसतो, काम करत नाही. त्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडला तर जिवंत आहे. घरी गेल्यावर आपापल्या पेटीत बघा, बटण दाबा. ज्यांच्याकडे बटणच नाही त्यांनी मला जेवताना भेटा.

शेती करणाऱ्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते, कारण विहिरीवरच्या स्टार्टरची लोखंडी पेटी, ओल्या वाफ्यातले अनवाणी पाय, हे सगळं वरच्या गणितात तसंच्या तसं बसतं. पेटीला अर्थिंग करून घ्या, आणि पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात मोजून घ्या. दुसरं म्हणजे मोटर जळण्याचं. लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडलं की भार तेवढाच ओढण्यासाठी मोटर जास्त करंट घेते. करंट सव्वापट झाला तर वाइंडिंगमधली उष्णता सव्वापट होत नाही, सव्वाचा वर्ग होतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते. महावितरणने २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी उच्च दाब वितरण प्रणाली हाती घेतली, त्याच्या मागचं गणितही हेच. ४४० व्होल्टची लांबलचक लाइन ओढण्याऐवजी ११,००० व्होल्टची लाइन शेताजवळ आणायची आणि तिथे छोटी डीपी. दाब पंचवीसपट, तर तेवढ्याच शक्तीला करंट पंचविसावा हिस्सा, आणि त्याच तारेतली उष्णता सव्वासहाशेवा हिस्सा. तुमच्याकडे कपॅसिटर बसवला नसेल तर बसवा, त्यानेही लाइनमधला करंट उतरतो. यावर बोलायला बसले तर रोडगे करपतील.

तर आपल्या वॉटर कुलरबद्दल माझी मागणी अशी. कुलर येण्याआधी परवानाधारक ठेकेदाराकडून व्हरांड्याच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. न्यूट्रल गुंतलेला असेल तर तो सोडवून घ्यायचा, बायपास करायचा नाही. कुलरच्या मागच्या भिंतीबाहेर अर्थिंगचा नवा खड्डा, पाइप, मीठ, कोळसा आणि वर पाणी टाकायला तोंड. कुलरसमोर पाणी साचणार नाही असा फरशीला उतार. मग अर्थ टेस्टरने मोजायचं, आणि तो आकडा तारखेसकट भिंतीवर तैलरंगात लिहायचा. दात्यांची नावं कोरायला संगमरवराची पाटी मागवली आहे असं ऐकलं. तिच्याखाली दोन ओळींची जागा सोडा. पहिला आकडा आत्ताचा, दुसरा पुढच्या मेमधला. दोन्हींत फरक किती, हे दहावीच्या पोरांना काढायला द्या. मुख्याध्यापक सरांनी हो म्हटलं तर दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात मोजायचा खर्च आमची बॅच देईल. हे मी बॅचला न विचारता बोलतेय, पण समोर माना हललेल्या दिसल्या.

आपल्या बॅचमधले दोघं विजेच्या कामातले आहेत, त्यांनी येत्या रविवारी सकाळी आठला खड्डा खणायचं मान्य केलंय, ऊन चढायच्या आत. कुदळ-फावडं शाळेत आहे. पाइप आणि तार ते आणतील, मीठाचं पोतं माझ्याकडे. कोळसा अजून ठरलेला नाही. ज्याच्याकडे असेल त्याने जेवणाच्या रांगेत मला सांगा.